‘अनफिट’ची चिठ्ठी

अठ्ठावीस वर्षं मी चाकणला एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅबचं नाव देत नाही, कारण ओळखीच्या वकिलांनी देऊ नका म्हणून बजावलंय. शिवाय माझा राग एकाच लॅबवर नाही. संपादकांनी ‘कामातले गमतीदार अनुभव लिहा’ असं कळवलं होतं. तसे अनुभव पुष्कळ आहेत. लघवीच्या बाटलीत नळाचं पाणी भरून देणारा सुपरवायझर, सुई बघताच चक्कर येऊन माझ्याच अंगावर पडलेला पैलवान. ते मी लग्नकार्यात सांगते आणि लोक पोट धरून हसतात. इथे दुसरं सांगायचं आहे, आणि ते मला शांतपणे सांगता येत नाही.

सांगवीहून सकाळी साडेसहाला निघायचं, नाशिक फाट्याला बस बदलायची, आठच्या आत लॅब उघडायची. लॅब म्हणजे कांद्याच्या मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या. एकीत लोक बसायचे, दुसरीत मी आणि मशीन. लॅबचे मालक डॉक्टर होते. ते अकराला यायचे, रिपोर्टवर सह्या करायचे आणि एकला जायचे. मधलं सगळं मी.

आमचं निम्मं काम कंपन्यांचं होतं. खरं तर कंपन्यांचं नाही, लेबर कंत्राटदारांचं. नवीन माणसं भरायची असली की कंत्राटदार टेम्पोत बसवून वीस-पंचवीस जणांना घेऊन यायचा. उंची, वजन, डोळे, छातीचा फोटो, लघवी, रक्त. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी तयार. त्यावर ‘फिट’ नाही तर ‘अनफिट’. बाकी काही नाही. सविस्तर रिपोर्ट कंत्राटदाराला. ज्याचं रक्त, त्याच्या हातात एका शब्दाची चिठ्ठी.

त्या रक्तात आम्ही एचआयव्हीही बघायचो. फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता. कुणाला विचारलेलं नसायचं, सांगितलेलं नसायचं. नाना नावाच्या कंत्राटदाराने, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, एकदा डॉक्टरांना सांगितलं, “तेवढं एक बगून ठेवत जावा,” आणि तेव्हापासून आम्ही ‘तेवढं एक’ बघत गेलो. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते, त्यात अवघड काही नाही. बोटाएवढं प्लास्टिकचं कार्ड असतं. त्यावर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि औषधाचे दोन थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर असू शकतं.

‘असू शकतं’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. हे कार्ड विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीराने जे तयार केलेलं असतं, ते शोधतं. लागण होऊन थोडेच आठवडे झाले असतील तर ते तयारच झालेलं नसतं आणि कार्ड बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतं. कधी काहीच नसताना दोन रेघाही येतात. म्हणून एका कार्डावर कुणालाही काही सांगायचं नसतं. तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासायचं असतं. त्याआधी माणसाला समोर बसवून समजवायचं, त्याची संमती घ्यायची, आणि निकाल फक्त त्यालाच द्यायचा. त्यावरून नोकरी नाकारायची नाही. हा माझा चांगुलपणा नाही, हा या देशातला कायदा आहे. आम्ही एका कार्डावर माणूस निकालात काढत होतो.

आणि कशासाठी? हा आजार पसरतो तो शरीरसंबंधातून, रक्तातून आणि आईकडून बाळाला. एका मशीनवर काम करून, एका ताटात जेवून, एकच संडास वापरून पसरत नाही. नानाला मी एकदा हे सांगितलं होतं. तो इथल्याच जुन्या गावातला, जमिनी कंपन्यांत गेल्यावर कंत्राटदार झालेला. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “ताई, आमाला काय त्या पोरांची दुश्मनी हाय व्हय? पन उद्या लाइनीवर कुनाचं बोट चिरलं, रगत सांडलं, मंग? कंपनी मलाच धरनार.”

“रक्त कुणाचंही सांडलं तरी हातमोजे घालूनच पुसायचं असतं, नाना. माझंसुद्धा.”

“ते तुमचं दवाखान्यातलं झालं,” नाना म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मीही पुढचा नमुना मशीनला लावला. ही मी. तेव्हाची.

मला स्वतःला एकदा सुई टोचली होती. वापरलेल्या सुयांचा डबा बदलताना हातमोज्यातून बोटात गेली. सुई कुणाची, ते कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांनी त्यांच्या गाडीत घालून तासाभरात मला सरकारी दवाखान्यात नेलं. असं काही झालं तर बहात्तर तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, गोळ्या सुरू करायच्या असतात आणि अठ्ठावीस दिवस घ्यायच्या असतात. मी घेतल्या. मळमळ झाली, झोप उडाली, पण पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर रोज फोन करून विचारायचे, “मॅडम, आजची गोळी घेतली ना?” माझ्या एका टोचलेल्या बोटासाठी सगळं जग धावलं. मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी दोनचा सुमार, लॅब रिकामी. एक मुलगी दारात उभी राहिली. तेवीस-चोवीस वर्षांची, अंगावर आधीच्या कंपनीचा निळा शर्ट, हातात चिठ्ठी. मी तिला सविता म्हणेन. परभणीकडची. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात तिचा हात चांगला बसला होता. जास्त पगाराच्या कंपनीत लावतो म्हणून नानाने तिला आणलं होतं आणि आमच्याकडे रक्त दिल्यावर नाकारलं होतं. त्याला तीन आठवडे झाले होते.

“मॅडम, हे अनफिट म्हंजी काय ओ?” तिने विचारलं. “शेठ म्हनले, लॅबवाल्याला इचार.”

मी नाव बघून कॉम्प्युटर उघडला. तिचं हिमोग्लोबिन कमी होतं. लघवीच्या तपासणीत ती गरोदर निघाली होती, कारण नाना बायकांचं तेही बघून घ्यायचा. आणि त्याखाली आमच्या खुणेने ‘तेवढं एक’. दोन रेघा.

ती टेबलावर वाकून हळूच म्हणाली, “मला दिवस गेलेत. त्याच्यामुळं केलं का? तसं आसंल तर सांगा, मी जाते.”

माझ्या नोकरीतला सगळ्यात सोपा प्रसंग होता तो. ‘हो, त्यामुळेच’ एवढंच म्हणायचं होतं. ती निघून गेली असती. खोटंही ठरलं नसतं, कारण नानाने तिला त्यासाठीही नाकारलंच असतं. माझ्या तोंडात ‘हो’ आलेला होता. मग तिने आपण होऊन पुढे सांगितलं, “तिसरा म्हयना हाय.”

गरोदर बाईला हा आजार असला आणि काहीच केलं नाही, तर पोटात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना तो बाळाला जाऊ शकतो. वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर हा धोका जवळजवळ उरतच नाही. तीन महिने म्हणजे भरपूर वेळ हातात होता. त्यातले तीन आठवडे आम्ही कॉम्प्युटरात घालवले होते.

मी ‘हो’ गिळला. म्हटलं, “त्यामुळे नाही. तुझं रक्त परत एकदा नीट तपासायला पाहिजे. सरकारी दवाखान्यात चल. मी येते बरोबर.”

“आत्ता?”

“आत्ता.”

मी लॅबला कुलूप लावलं. अठ्ठावीस वर्षांत कामाच्या वेळेत मी आपण होऊन लावलेलं ते पहिलं कुलूप.

सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. समुपदेशक बाईंनी सविताला दार लावून आत घेतलं. कशाची तपासणी आहे ते सांगितलं, काय निघू शकतं ते सांगितलं, तुझी इच्छा असेल तरच करू म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. हे असं करायचं असतं, हे मी कोर्समध्ये शिकले होते. प्रत्यक्षात होताना पहिल्यांदाच बघत होते.

तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या. सविता बाहेर आली. म्हणाली, “मी कुठं काय केलंय ओ मॅडम? लगीन होऊन वरीस झालं फक्त. मी कुठंच गेले न्हाई.”

समुपदेशक बाईंनी तिच्या नवऱ्यालाही घेऊन यायला सांगितलं. दोन दिवसांनी मीही गेले. तिचा नवरा गजानन, भोसरीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये कामाला, बारीक, अबोल. त्याचाही रिपोर्ट तसाच आला. तो बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला,

“मॅडम, तुमी मला वळखलं न्हाई.”

मी नाही म्हटलं.

“माझंबी रक्त तुमीच घेतलं व्हतं. नानाशेठनंच आणलं व्हतं. लग्नाच्या आदल्या वर्षी. मलाबी अनफिट केलं. म्या म्हनलं, वजन कमी हाय म्हनून आसंल.” तो जरासा हसला. “मंग दोन म्हयने रोज चार अंडी खाल्ली.”

मी लॅबमध्ये आले. कॉम्प्युटरात त्याचं नाव टाकलं. होता. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, दोन रेघा. खाली टेक्निशियन म्हणून माझी सही.

हा विषाणू काय करतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे मला काय वाटलं ते कळेल. आपल्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. हा त्यांच्यातच शिरतो, तिथे वाढतो आणि त्यांना मारतो. वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही. माणूस काम करतो, ओव्हरटाइम करतो, लग्न करतो. आठ-दहा वर्षांनी पेशी फार कमी झाल्या की टीबी, जुलाब, वजन घटणं सुरू होतं. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. पण आता रोजची एक गोळी आहे, सरकारी केंद्रात फुकट मिळते. ती विषाणूला वाढूच देत नाही. मुळासकट काढत नाही, म्हणून जन्मभर घ्यावी लागते. नेमाने घेतली तर काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. आणि ज्याच्या रक्तात तो असा सापडेनासा होऊन तसाच राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

म्हणजे गजाननला त्या दिवशी आम्ही फक्त सांगितलं असतं, तर? तो दवाखान्यात गेला असता, गोळ्या सुरू झाल्या असत्या. लग्नाच्या आधी त्याने सविताला सांगितलं असतं, निदान सांगायची संधी तरी त्याला मिळाली असती. ती आज निरोगी असती. तिच्यापर्यंत हा आजार पोचायला मधे एक पूर्ण वर्ष होतं, आणि त्या वर्षभर हे ठाऊक असलेली माणसं तीन होती: नाना, डॉक्टर आणि मी. त्याला स्वतःला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अकराला आले. मी दोन्ही रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण मॅडम, आपण तपासणारे. ज्याने तपासणी सांगितली त्याला रिपोर्ट द्यायचा. पुढचं आपल्या हातात नसतं.”

“रक्त गजाननचं होतं, डॉक्टर.”

“त्याने कुठे विचारलं?”

“काय विचारणार? तपासलंय हेच त्याला माहीत नव्हतं! मला सुई टोचली तेव्हा मी विचारलं होतं का? तुम्ही गाडी काढलीत. याच्यासाठी साधा फोन केला नाहीत. मीही केला नाही. माझं बोट आणि त्याचा जीव, यांत असा काय फरक होता?”

मी इतक्या मोठ्याने बोलत होते की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. डॉक्टर म्हणाले, “आवाज खाली करा.” मी केला नाही.

त्या दुपारी मी मागच्या काही वर्षांचे ‘अनफिट’ शोधायला बसले. दोन रेघा असलेली नावं निघत गेली. जालना, धाराशिव, नांदेड, काही यूपी-बिहारकडची. वयं वीस, बावीस, तीस. प्रत्येकाला फोन करायचा असं ठरवलं आणि पहिला नंबर लावला.

पलीकडून नानाच्या ऑफिसातला माणूस बोलला, “बोला मॅडम, कुणाचा रिपोर्ट?”

मी दुसरा लावला. परत तोच. तिसऱ्याला मी पडद्यावर नीट बघितलं. सगळ्या नावांपुढे एकच मोबाइल नंबर होता. टेम्पोतून माणसं यायची तेव्हा फॉर्म नानाचा माणूस भरायचा, आणि तो आपला नंबर टाकायचा. गावाचा पत्ता नाही, घरचा फोन नाही. एवढी माणसं आमच्या खुर्चीत बसून दंड पुढे करून गेली आणि आता त्यांतल्या एकालाही गाठायची सोय नव्हती. कुणी दुसऱ्या कंपनीत लागला असेल, कुणी लग्न केलं असेल, कुणी खोकत गावी गेला असेल.

दुसऱ्या दिवशी नानाचा टेम्पो आला. मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं की तुमच्या रक्तात एचआयव्ही तपासायला सांगितलंय, ज्यांची इच्छा नसेल त्यांनी नाही म्हणावं, आणि तपासलं तर निकाल तुम्हालाच मिळेल. वीस पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. नाना आत आला.

“ताई, हे काय नवीन काडलं?”

“नवीन नाही. पहिल्या दिवसापासून असंच करायला पाहिजे होतं.”

“न्हाई जमायचं आमाला. पोरं घाबरत्यात.”

“तू घाबरतोस, नाना.”

तो टेम्पो परत गेला. महिना संपताना डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि तुम्ही आता थकलात, आराम करा, असं अतिशय गोड शब्दांत सांगितलं. मी आरोग्य खात्याकडे तक्रार अर्ज केला. अधिकारी आले, त्या कार्डांचे खोके बघून गेले, लॅबने ती तपासणी बंद केल्याचं लिहून दिलं. नाना आता दुसरीकडे जातो म्हणे. तिथली टेक्निशियन एक तरुण मुलगी आहे असं ऐकलंय. मी तिला भेटायला दोनदा गेले. दोन्ही वेळा ती कामात होती.

सविताची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली, गजाननचीही. पहिला महिना तिला उलट्यांनी हैराण केलं. ती म्हणायची, “गोळी टाकते आन बाहीर येती.” आली तर परत घ्यायची, असं समुपदेशक बाईंनी शिकवलं होतं. शेजारपाजारी तिने रक्त कमी असल्याच्या गोळ्या म्हणून सांगितलं. बाळंतपणाच्या आधी तिच्या रक्तातला विषाणू सापडेनासा झाला होता. मुलगी झाली. जन्मल्यापासून सहा आठवडे तिला औषधाचे थेंब दिले. मग टाचेतून रक्त घेऊन पहिली तपासणी, पुढे आणखी दोन, आणि शेवटची दीड वर्षाची झाल्यावर. प्रत्येक वेळी मी जायचे. बाळाचा पाय मीच धरायचे. लहान मुलाचं रक्त घेताना पाय कसा धरायचा, ते मला चांगलं येतं.

शेवटचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मी पेढे घेऊन गेले होते. आम्ही दवाखान्याच्या आवारात बसलो होतो, मुलगी पेढा चाटत होती. मला वाटलं होतं सविता रडेल, माझा हात धरेल. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होते.

ती म्हणाली, “मॅडम, एक इचारू? खरं सांगसाल?”

“विचार.”

“ह्यांचं रक्त तुमी घेतलं, लग्नाच्या आदी. तवा तुमाला कळलं व्हतं का न्हाई?”

दोन वर्षं ती हे मनात धरून बसली होती. आणि दोन वर्षं मी तिच्याबरोबर दवाखान्याच्या खेपा घालत होते, त्या याच प्रश्नाला चुकवण्यासाठी.

“कळलं होतं,” मी म्हटलं.

“त्याच दिशी?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

ती मुलीचं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, “मंग माझं लगीन कामून होऊ दिलं?”

तेव्हा तू मला माहीतही नव्हतीस, असं म्हणता आलं असतं. तिने मुलीला कडेवर घेतलं, पेढ्यांचा पुडा बाकावर तसाच ठेवला आणि फाटकाकडे गेली. रिक्षात बसली. मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही उचलला नसता. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मात्र मी तिला निरोप पाठवला, की तुझ्याबद्दल लिहू का? नको म्हणालीस तर लिहिणार नाही. चार दिवसांनी तिचा फोन आला. मुलगी बालवाडीत जायला लागली होती, सविता एका दुसऱ्या कंपनीत कायम झाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“लिव्हा,” ती म्हणाली. “माझं नाव बदला, ह्यांचं बदला. तुमचं बदलू नका.”

माझं नाव कुंदा दिगंबर शेवाळे. गजाननच्या कार्डावरच्या दोन रेघा मी वाचल्या होत्या आणि त्याला सांगितल्या नव्हत्या.